खड्ड्यात पडलेली थंडी

धाकट्या जाऊबाई,

तुला पत्र लिहिण्यात काही अर्थ नाही, हे मला पुरतं ठाऊक आहे. तू अक्षरं वाचत नाहीस, आकडे वाचतेस. गेल्या महिन्यात मी तुला चार पानं लिहिली. माझ्या गुडघ्यांपासून गच्चीच्या गळतीपर्यंत सगळं लिहिलं. तुझं उत्तर आलं एका ओळीत: ‘इथे कमाल एकतीस, किमान चोवीस, बाकी ठीक.’ अगं, मी तुझी तब्येत विचारली होती, गावाची नव्हे!

तेव्हा हे पत्र तुझ्या नावाने असलं तरी छापायलाच देते आहे. तू नाही वाचलंस तर निदान इतर चार माणसं वाचतील. त्यांना तू ठाऊक नाहीस म्हणून तुझी ओळख आधी करून देते, आणि चुकलं तर चुकलं. दुरुस्त्या पाठवायला तू आहेसच.

तू माझ्या धाकट्या दिराची बायको आणि हवामान खात्यातली निरीक्षक. एकोणतीस वर्षं रोज सकाळी साडेआठाला आणि संध्याकाळी साडेपाचाला तू टेकडीवरच्या पाण्याच्या टाकीपाशी जायचीस. तिथे तारेच्या कुंपणात चार पायांवर उभी केलेली एक पांढरी पेटी होती, चारी बाजूंनी झडपांची, म्हणजे आत वारा जातो पण ऊन जात नाही. पेटीचं दार उघडायचं, आतले थर्मामीटर वाचायचे, आकडे वहीत लिहायचे, वरच्या कचेरीला फोनवर सांगायचे आणि दार लावून घरी यायचं. आभाळाकडे बघण्याचा पगार मिळतो हे आपल्या सासूबाईंना शेवटपर्यंत पटलं नाही. “उद्या चांदण्या मोजायलासुद्धा माणूस ठेवतील,” असं त्या म्हणायच्या.

गल्लीत तुला ‘पारेवाली’ म्हणत. पारा म्हणावा तर तो या घरात माझाच चढायचा. तू त्यावरही दुरुस्ती सांगितलीस. किमान तापमानाच्या थर्मामीटरात म्हणे पारा नसतोच, त्यात दारू असते. सासूबाईंच्या हातातली वाटी खाली पडली होती ते ऐकून. “सरकारी दारू?” त्यांनी विचारलं. तू शांतपणे म्हणालीस, “हो आई, पण प्यायची नाही. आडवी ठेवायची.”

थंडीच्या दिवसांत तुझ्याबरोबर एका घरात राहणं म्हणजे छळ होता, हे आज स्पष्टच लिहिते. कुणी नुसतं “काय कडाका आहे!” म्हटलं की तुझं पुढे, “सात पूर्णांक दोन.” सासूबाई म्हणायच्या, “मला पूर्णांक नको गं, शाल दे.” मग तू शाल द्यायचीस, पण एक जाड शाल नाही. दोन पातळ, एकावर एक. ऊब लोकरीत नसते, दोन कपड्यांच्या मध्ये अडकलेल्या हवेत असते, हे सांगून. मी एकदा म्हटलं, “मला थंडी वाजतेय.” तू म्हणालीस, “थंडी वाजत नाही ताई. थंडी नावाची वस्तूच नाही. आपली ऊब बाहेर जाते, एवढंच.” मी दात वाजवत तुझ्याकडे बघत राहिले. पदार्थविज्ञान घेऊन पदवी मी मिळवली होती, वर्गात पहिली आले होते, आणि खात्याचं सहा महिन्यांचं प्रशिक्षण घेतलेली ही मुलगी चुलीशी उभी राहून मला उष्णता शिकवत होती!

तर आता खड्ड्याकडे येते.

मी तेव्हा नगरपालिकेच्या प्राथमिक शाळेची मुख्याध्यापिका होते. शाळा गावाच्या खालच्या अंगाला होती. तिथे पूर्वी विटांसाठी माती काढत. माती संपली, खड्डा उरला आणि नगरपालिकेला तीच जागा शाळेसाठी सुचली. तिन्ही बाजूंनी चढ. पक्क्या खोल्या सहा, त्या वरच्या वर्गांना. पहिली-दुसरीची मुलं पत्र्याच्या शेडमध्ये, खाली फरशी. त्याच खोल्यांत दुपारची दुसरी शाळा भरायची, म्हणून आमची सकाळी सात वाजता. हिवाळ्यात सातला मुलांच्या हातात पेन्सिल धरवायची नाही. पाढे म्हणताना तोंडातून वाफ निघे, ओठ जांभळे. मी फळ्यावर लिहायला हात बाहेर काढला की माझ्याच बोटांचं मला नवल वाटायचं, इतकी ती परकी लागत.

त्यात दुसरीतली ती इस्त्रीवालीची मुलगी. तिच्या छातीचा भाता व्हायचा. श्वास घेताना शीळ वाजे, आणि शेजारची मुलं हसत. एके दिवशी इस्त्रीवाली तिला घेऊन माझ्यासमोर उभी राहिली.

“बाई, डॉक्टर म्हणाले, सकाळची थंडी हिला सोसायची नाही. दिवस वर आल्यावर चालेल म्हणाले.”

“मग नऊला पाठवा,” मी म्हटलं.

“पाठवली की. तुमच्या मास्तरांनी उशीर मांडला. तीन उशिरांची एक गैरहजेरी, आणि एवढ्या गैरहजेऱ्या झाल्या तर परीक्षेला बसता येणार नाही, म्हणाले.” मग ती खालच्या आवाजात म्हणाली, “शनिवारपर्यंत बघते बाई. नाहीतर घरीच ठेवते. पोरगी जगली तर शिकेल.”

नियम माझा नव्हता, वरचा होता. थंडीसाठीही एक नियम होता: गावाचं किमान तापमान चार अंश किंवा त्याखाली गेलं, की दुसऱ्या दिवसापासून शाळा दोन तास उशिरा. आणि गावाचं किमान तापमान म्हणजे काय? तर टेकडीवरच्या त्या पांढऱ्या पेटीत तू वाचशील ते!

त्या दिवशी तू जिना चढून आलीस, तोच मी विचारलं, “आज किती?”

“पाच पूर्णांक चार.”

“अगं, मग चार लिही.”

“पाच पूर्णांक चार आहे ना, ताई.”

“एक पूर्णांक चारने काय आभाळ कोसळणार आहे? तिकडे पोरं काकडतायत!”

“आकडा माझा नाही,” तू म्हणालीस. “माझा असता तर शून्य लिहिला असता.”

मी ताट आपटलं. सासूबाई आतून म्हणाल्या, “फुटलं का? किती अंशाला फुटलं?” त्यांचंही तुझ्या संगतीने असं व्हायला लागलं होतं.

पण दुसऱ्या दिवशी दिवस उगवायच्या बेताला तू शाळेच्या फाटकात उभी होतीस. हातात जादा थर्मामीटर, डोक्याला कानटोपी, नाक लाल. मला बघून न नमस्कार, न काही. म्हणालीस, “इथे एक पूर्णांक आठ.”

“म्हणजे?”

“म्हणजे टेकडीवर आत्ता पाचच्या आसपास असणार. ढग नाहीत, वारा नाही. अशा रात्री जमीन आपली ऊब आभाळात सोडून देते. जमिनीला लागलेली हवा गार होते. गार हवा जड. जड हवा उतारावरून खाली येते.” तू हाताने तिन्ही चढ दाखवलेस. “आपण म्हणतो ना, थंडी पडते? ती खरंच पडते, ताई. टेकडीवरून घरंगळत येते आणि तुमच्या शाळेत मुक्काम करते.”

गरम हवा वर जाते, गार हवा खाली येते, हे मी वीस वर्षं फळ्यावर बाणांसकट शिकवलं होतं. माझ्या पायाखालच्या पटांगणात तेच चाललंय हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मला तुझा राग आला, तो त्याबद्दल. तुला वाटलं असेल, अजून कालच्या चारचा असेल.

त्याच दिवशी मी नगरपालिकेच्या शिक्षण अधिकाऱ्यांकडे गेले. सभ्य गृहस्थ, टेबलावर कागद सरळ लावून ठेवण्याची खोड. ते म्हणाले, “बाई, एका सकाळच्या आकड्यावर दोन तास कापू? अभ्यास बुडतो. सलग तीस दिवसांची नोंद आणा, रीतसर. मग बघू.”

तीस दिवस! मी इस्त्रीवालीच्या हातापाया पडले. ‘महिनाभर थांबा, मी करते काहीतरी,’ म्हटलं. ती थांबली. मुलगी मफलरमध्ये नाक खुपसून येत राहिली, आणि मी रोज तिची शीळ ऐकत राहिले.

तू रीतसरला रीतसर भेटलीस. सुताराकडून झडपांची पेटी करून घेतलीस, पांढरा रंग दिलास, जमिनीपासून चार फुटांवर बसवलीस. सूर्य उगवताना खड्ड्यात, साडेआठाला टेकडीवर. दोन वह्या. सतरा दिवस तू एक दिवस चुकली नाहीस. ढगाळ रात्री दोन्ही आकडे सारखे यायचे, आणि मी हिरमुसायचे. निरभ्र रात्री खड्डा तीन-चार अंशांनी खाली. तू दोन्ही सारख्याच आनंदाने लिहायचीस. ढगाळ दिवशी तुझ्या चेहऱ्याकडे बघवत नसे मला.

अठराव्या दिवशी खात्याने तुला अकरा दिवसांच्या प्रशिक्षणाला बोलावलं. टेकडी तुझ्या सहकाऱ्याने सांभाळली. खड्डा माझ्याकडे आला.

निघताना तू मला पेटीशी उभं करून शिकवलंस. दारूच्या नळीत एक बारीक काळी काडी असते. गारठ्याने दारू आक्रसली की ती काडीला मागे ओढत नेते. पुन्हा ऊब आली की दारू पुढे जाते, काडी तिथेच राहते. म्हणजे रात्री सगळ्यात कमी किती झालं, ते काडी सांगते. वाचून झालं की थर्मामीटर तिरका करायचा, काडी सरकून दारूच्या टोकाशी येते. झालं. “नुसता तिरका,” तू म्हणालीस. “हलक्या हाताने.”

“मी पदवीधर आहे गं,” मी म्हटलं.

“हो ताई,” तू म्हणालीस, आणि पुन्हा एकदा तिरका करून दाखवलास.

पहिल्याच सकाळी मी वाचलं, दोन पूर्णांक एक. लिहिलं. तिरका केला. काडी हलेना. पुन्हा केला. हलेना. मागे मुलांची रांग, घंटेची वेळ, बोटं बधिर. मग मी जे केलं, ते वर्षानुवर्षं घरातल्या तापाच्या थर्मामीटरला करत आले होते तेच. मनगटाने दोनदा झटकला. काडी सुतासारखी सरळ जागेवर आली. मी स्वतःवर खूश झाले. तुझ्या ‘हलक्या हाताने’ला मनात एक टोमणाही मारला.

दुसऱ्या दिवसापासून आकडे उतरले. उणे शून्य पूर्णांक नऊ. उणे एक. उणे दीड. मी वहीत ‘उणे’ लिहिताना दोनदा गिरवायचे. आमचे शिपाईमामा बादली घेऊन उभे होते. म्हणाले, “बाई, उणे म्हणजे पाणी गोठायला पाहिजे ना? बादलीवर तर साधा पापुद्राही नाही.”

“मामा, तुम्ही पाणी भरा. आकडे मी बघते,” मी म्हटलं.

माझी ही वाक्यं मला आज आठवतात, कारण माणूस आपली शहाणपणाची वाक्यं विसरतो आणि असली लक्षात ठेवतो.

अठ्ठाविसाव्या दिवशी इस्त्रीवाली पुन्हा आली. मुलगी रात्रभर बसून होती, म्हणाली. झोपवली की दम लागत होता. मी वही काखोटीला मारली आणि तशीच अधिकाऱ्यांकडे गेले. त्यांनी पानं उलटली. उण्याच्या खुणेवर त्यांचं बोट थांबलं.

“हे वजाबाकीचं चिन्ह आहे?”

“थंडीचं आहे,” मी म्हटलं.

त्यांच्या टेबलावर असं चिन्ह कधी आलं नसावं. उरलेले दोन दिवससुद्धा न थांबता त्यांनी सही केली. उद्यापासून शाळा नऊला. मी येताना रस्त्यात इस्त्रीवालीला सांगितलं. तिच्या हातात गरम इस्त्री होती. ती तशीच हातात धरून ती माझ्या पाया पडायला वाकली, मीच ओरडले, “अहो, पाय भाजेल माझा!”

दोन दिवस नऊची शाळा झाली. दोनच. ती मुलगी उन्हात चालत आली, पहिल्या रांगेत बसली, आणि शीळ ऐकू आली नाही.

तिसावा दिवस. तू आदल्या संध्याकाळी परतली होतीस. सकाळी मी पोचले तेव्हा तू पेटीचं दार उघडून, नळी डोळ्यांसमोर आडवी धरून उभी होतीस. शेजारी साधा थर्मामीटर.

“ताई, हा झटकलात?”

“मग? काडी अडकली होती.”

“वरच्या टोकाला बघा.” मी चष्मा वर करून बघितलं. नळीच्या पार टोकाला दारूचा एक तुटका थेंब चिकटून बसला होता. “एवढी दारू वर अडकली, म्हणजे खालचा धागा तेवढा आखूड झाला. हा अडीच अंश कमी दाखवतोय.”

“कधीपासून?”

“तुम्ही झटकलात तेव्हापासून.”

मी हिशेब केला. उणे दीडमध्ये अडीच मिळवले की एक. “अगं, मग काय बिघडलं? एक झालं. चारच्या खालीच आहे ना! प्रत्येकात अडीच मिळव आणि लिही.”

“तो थेंब रोज तेवढाच होता, हे कशावरून? थोडा-थोडा सरकत असेल. मला ठाऊक नाही, ताई. तुम्हालाही नाही.” तू नळी पेटीत ठेवलीस. “अकरा दिवस गेले. मी साहेबांना सांगून येते.”

मी फाटकात आडवी उभी राहिले. मुख्याध्यापिका, पन्नाशीची बाई, हात पसरून. “तू कुठे जाणार नाहीस. त्या पोरीला उद्या सातला आणायला लावणार तू? खड्डा गार आहे की नाही, ते सांग!”

“गार आहे.”

“मग?”

“मग आपण खरं तेच पुन्हा मोजू. चुकलेल्या आकड्यावर मिळालेलं कुणीतरी एक दिवस काढून घेईल, ताई. आणि मग खऱ्या आकड्यावरही विश्वास ठेवणार नाही.”

“तुझी वही राहील स्वच्छ! पोरगी गेली तरी चालेल!”

माझ्या हाताखालून वाकून गेलीस. अशी बुटकी असण्याचे तुला फायदे होते.

अधिकाऱ्यांनी ऐकून घेतलं, आदेश मागे घेतला. ‘नोंदी शंकास्पद.’ पुन्हा तीस दिवस मोजायला हिवाळाच उरला नव्हता. शाळा पुन्हा सातला. इस्त्रीवाली तिसऱ्या दिवशी येऊन मुलीचं नाव कमी करून गेली. मला काहीही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

त्यानंतर तीन आठवडे मी तुझ्याशी बोलले नाही. एका घरात, एका ओट्यापाशी. सासूबाईंचे फार हाल झाले. “आई, हिला सांगा, मीठ संपलंय.” “आई, ताईंना सांगा, डब्यात आहे.” शेवटी त्या म्हणाल्या, “मी काय टेलिफोनची तार आहे? माझ्यातूनच जाता दोघी!”

आणि ह्याच तीन आठवड्यांत तू रोज सकाळी माझ्या शाळेत येत होतीस. मला न विचारता! कचेरीच्या खिडकीतून मी बघायचे आणि जळफळायचे. तू शेडमधल्या फरशीवर रिकामी पोती अंथरलीस, दोन थर. फरशी अंगातली ऊब शोषून घेते, हे मुलांना हात टेकवून दाखवलंस. मुलांना दप्तरात कोरड्या पायमोज्यांचा एक जादा जोड आणायला लावलास. ज्यांच्याकडे नव्हता त्यांना जुनी वर्तमानपत्रं, पायाभोवती गुंडाळायला. एक पोरगा म्हणाला, “बाई, माझ्या पायाला काल बातम्या होत्या, आज जाहिराती आहेत.” तू हसलीस. मला ते खिडकीतून ऐकू आलं, आणि मलाही हसू आलं. मग आणखी राग आला.

अबोला मोडला तो शेगडीवरून. शिपाईमामांनी दया येऊन शेडमध्ये कोळशाची शेगडी पेटवून ठेवली होती, आणि ऊब जाऊ नये म्हणून दारंखिडक्या घट्ट लावून घेतल्या होत्या. तू आलीस, दार ढकललंस, फडक्याने शेगडी धरून बाहेर पटांगणात नेऊन ठेवलीस आणि सगळ्या खिडक्या उघडल्यास. गार वारा आत घुसला. मी धावत आले.

“अगं बाई, वेड लागलं का? पोरं गारठतील!”

“कोंडलेल्या कोळशाचा वायू असतो, ताई. वास येत नाही, दिसत नाही. आधी पेंग येते.” तू दोन मुलांकडे बोट दाखवलंस. कोपऱ्यातली दोघं दप्तरावर डोकं टेकून झोपली होती. मी मघाशी वर्गावरून जाताना त्यांना बघून ‘आज बरी शांत बसलीत’ म्हटलं होतं. “गारठलेलं मूल उबेला आणता येतं,” तू म्हणालीस, आणि त्यांना हलवून उठवत बाहेर उन्हात चालवायला लागलीस. एकाला ओकारी झाली. दुसरा रडला. दोघं शुद्धीवर होती, चालत होती. मी तिथेच पायरीवर बसले.

थोड्या वेळाने मी म्हटलं, “मीठ खरंच डब्यात होतं का?”

“हो,” तू म्हणालीस. “तुम्ही नीट बघत नाही.”

पुढच्या हिवाळ्यात तू पुन्हा मोजलंस. तीस दिवस, सलग, स्वतः. मधे तुला ताप आला तेव्हासुद्धा गेलीस, कारण ते काम माझ्याकडे द्यायची तुझी तयारी नव्हती. मी अपमान गिळला. तिसांपैकी एकोणीस दिवस खड्डा चार किंवा खाली, टेकडी फक्त दोन दिवस. प्रत्येक आकड्यापुढे रात्री ढग होते का, वारा होता का. अधिकाऱ्यांनी वही तासभर वाचली आणि तुलाच विचारलं, “यात कुणी काही झटकलेलं नाही ना?” तू माझ्याकडे बघितलं नाहीस, एवढी माया दाखवलीस.

इस्त्रीवालीची मुलगी परत आली होती, पुन्हा दुसरीतच. एक वर्ष बुडालं तिचं. त्या वर्षासाठी मी बरीच वर्षं तुला दोष दिला. मग कधीतरी कळलं, की थर्मामीटर मी झटकला आणि अंगही मीच झटकत आले. हे तुला तोंडावर सांगायला जमलं नाही, म्हणून इथे लिहिते. यावर उत्तरात तापमान कळवू नकोस.

खड्ड्याचा आकडा मानायची परवानगी मिळाली, पण ‘या हंगामापुरती’. कायमची हवी असेल तर एक अर्ज होता, दोन सह्यांचा, शाळेची आणि निरीक्षकाची. मी रात्रीत भरला आणि सही ठोकून तुझ्यापुढे ठेवला. तू पेन उघडलंस आणि एका रकान्यावर थांबलीस: थर्मामीटरची जमिनीपासून उंची.

“चार फूट लिही,” मी म्हटलं. “तूच बसवलास.”

“तेव्हा चार होती. उन्हाळ्यात नगरपालिकेने पटांगणात भर टाकली. आता किती आहे, बघायला पाहिजे.”

“अगं, चार बोटं इकडे-तिकडे!”

“जमिनीजवळ चार बोटांचाही फरक पडतो, ताई. गुरुवारी जाऊ आपण दोघी, टेप घेऊन. दहा मिनिटांचं काम.”

बुधवारी सासूबाई न्हाणीघरात पडल्या, त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. गुरुवार दवाखान्यात गेला. पुढच्या गुरुवारी तुझ्या नवऱ्याचा बदलीचा हुकूम आला, आणि तू खात्याकडे तिकडची जागा मागितलीस. मग सामान, मग दाखले, मग तू गेलीस. मी दर हिवाळ्यात कचेरीत खेटे घालून ‘या हंगामापुरती’ची मुदत वाढवून घेतली, निवृत्त होईपर्यंत. माझ्यानंतर कुणी खेटे घातले नाहीत. टेकडीवर आता आपोआप आकडे पाठवणारं यंत्र बसवलंय, आणि गावाचं तापमान ते सांगेल तेच. परवा सकाळी मी खालच्या रस्त्याने गेले. शेड पाडून खोल्या बांधल्यात, पण सातलाच पाढे चालू होते, खिडकीतून वाफ दिसत होती. तुझी पेटी कोपऱ्यात आहे अजून, रंग उडालेली, आत पाखरांनी घरटं केलंय.

मी टेप नेली होती. एकटीने धरता येईना. टेपचं एक टोक जमिनीला लावायला वाकले की दुसरं सुटायचं, आणि वाकून परत उठायला मला आता कुंपणाचा खांब लागतो. फाटकातल्या रखवालदाराला हाक मारली, तो म्हणाला, “आजी, कशाला मोजताय? कुणी मागितलंय?” मी त्याला झाप झाप झापलं आणि परत आले.

अर्ज माझ्याकडे आहे. माझी सही आहे, तुझी नाही. उंचीचा रकाना कोरा आहे.